कड्यानं घेतलेली हजेरी

१० जुलै २००८, गुरुवार. जिपारचं कुरण

पोचलो एकदाचे! अडुसष्टाव्या वर्षी माणसाला इतका आनंद झाला तर तो त्यानं सांगावा कुणाला? हिला सांगितला असता, पण तिला जाऊन चार वर्षं झाली. म्हणून ही वही.

सकाळी नारिनहून निघालो. कुबातची जीप त्याच्याइतकीच म्हातारी आणि त्याच्यासारखीच चढ आला की शिव्या देत चढणारी. कुबात वाटभर गात होता. तोरोबेक मागे पोत्यांवर मुकाट बसला होता. शाळेत आम्ही तिघं एकाच बाकावर. खोड्या कुबातनं काढायच्या, मार तोरोबेकनं खायचा, आणि मी खिडकीबाहेर बघत घोड्याची कविता पुटपुटायची. साठ वर्षांत बदललं एवढंच, की मारणारं कुणी उरलं नाही.

ही सगळी कल्पना तोरोबेकची, याचंच मला नवल वाटतं. त्याची मुलगी बेगाइम गेल्या शरदापासून अंथरुणाला खिळली आहे. बिश्केकपर्यंत डॉक्टर झाले, कुणाला काही सापडलं नाही. माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी ती. आजारी पडेपर्यंत माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यापुढे उभी राहून कविता शिकवायची. मला मूलबाळ नाही, पण कुणी विचारलं तर मी मनातल्या मनात एक बोट मिटतो, ते तिचं. म्हणून मी तोरोबेकला म्हटलं, अरे, पोर अशी आजारी असताना सहल कसली? तर म्हणाला, घरात जीव गुदमरतो रे मास्तर. दहा दिवस डोंगरात जाऊ, आपण तिघंच. जिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही अशा जागी तंबू ठोकू. जागा तू निवडायचीस. तू कवी माणूस, तुला जागा कळते.

मी कवी नाही, कविता पाठ करून घेणारा आहे. पण ऐकायला बरं वाटलं.

जिपार इथं उन्हाळाभर मेंढ्या राखते. तीही माझीच विद्यार्थिनी, सातवीत दोनदा बसलेली. बुरणुसाच्या गोल घरात तिनं आम्हाला मानाच्या जागी बसवलं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे भरले, कणकेच्या तळलेल्या तुकड्यांचा, बोरसोकांचा ढीग ओतला. कुठं निघालात अके, म्हणून तिनं विचारलं; वडीलधाऱ्याला आमच्यात अके म्हणतात. कुबातनं हनुवटीनं वरची खिंड दाखवली. ती म्हणाली, पलीकडं आमची मेंढरं जात नाहीत. हाकलली तरी मागं फिरतात. कुबात म्हणाला, तू नापास झालीस तेव्हाही म्हणाली होतीस, वही मेंढरानं खाल्ली. आम्ही इतके हसलो की तोरोबेकसुद्धा हसला.

जिपार हसली नाही. माझा वाडगा मात्र तिनं न मागता पुन्हा भरला.

११ जुलै, शुक्रवार

जागा मिळाली!

सामान एका घोड्यावर लादून खिंड ओलांडली. पहिली जागा ज्युनिपरच्या झाडांपाशी होती. तोरोबेक म्हणाला, इथं पाणी नाही. मी झरा दाखवला. तो म्हणाला, ते जनावरांचं पाणी. दुसरी जागा तळ्याकाठी. माझं तर पाऊलच निघेना, तळ्यात बर्फाची शिखरं उलटी लटकली होती. कुबात म्हणाला, इथले डास मास्तरला उचलून चीनमध्ये नेतील. पुढे एक उंचवटा चढलो आणि खाली बघतो तर ओंजळीसारखं गवताळ खोरं. मधून ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे सरळसोट करडा कडा, नुकताच पुसलेल्या फळ्यासारखा. गवत गुडघ्याएवढं. ना लेंडी, ना चुलीची राख. या वेळी दोघांनीही खोट काढली नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, इथंच!

ओढा ओलांडून कड्याच्या बाजूला गेलो. कुबातनं हातोडी माझ्याच हाती दिली. म्हणाला, जागा ज्याची, पहिली मेख त्याची. मी ठोकली. मग तोरोबेकनं आठवण केली, की अनोळखी जागी पाठ टेकण्याआधी आपण कोण ते सांगायचं असतं. सात बाप सांगायचे. आमच्यात ज्याला सात पिढ्यांचे बाप सांगता येत नाहीत त्याला अनाथ म्हणतात. चाळीस वर्षं मी पोरांकडून कवितेच्याही आधी हेच घोकून घेतलं. सर्वांत लांबच्या बापापासून सुरुवात करायची आणि शेवटी आपलं नाव.

मी टोपी सारखी केली, कड्याकडे तोंड केलं आणि शाळेच्या पटांगणातल्या आवाजात म्हटलं: बोझोय. त्याचा तोइचू. त्याचा मांबेत. त्याचा चोरो. त्याचा एसेनगुल. त्याचा जानुझाक. त्याचा बोलुश. आणि बोलुशचा मी, इशेनअली.

कड्यानं एकेक नाव परत दिलं. स्वच्छ, सुटंसुटं, एकाचाही उच्चार न बिघडवता. या नावांना कुणीतरी इतक्या प्रेमानं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आता तुमचे सांगा, मी दोघांना म्हटलं. कुबात म्हणाला, घसा बसलाय, उद्या. तोरोबेक किटलीत पाणी भरायला वळला.

१२ जुलै, शनिवार

सकाळी उठलो तर या दोघांचे तंबू ओढ्याच्या पलीकडे, खिंडीच्या बाजूला. म्हणाले, इथं ओल आहे, आमची हाडं दुखतात. माझी हाडं काय चांदीची आहेत? असो. मी इथंच. मला कडा सोडवत नाही.

दिवसभर वाचत पडलो. भर दुपारी, सावली पायाखाली शिरते तेव्हा, कुणीतरी हाक मारली: बोझोय.

कालचा पडसाद कुठंतरी अडकून आज सुटला असावा, अशी एक गमतीची कल्पना मनात आली. तिच्यावर चार ओळीही जुळवल्या. कुबातला विचारलं, तर म्हणाला, तुझ्या कानात चाळीस वर्षांची पोरं ओरडून बसलीत, त्यातलंच एक असेल.

संध्याकाळी मोठ्यानं घोड्याची कविता म्हटली. कड्यानं एक अक्षर परत दिलं नाही. कुबातची शिवी घालून बघितली, तीही गिळली. विचित्र कडा. कवितेची आवड दिसत नाही.

१३ जुलै, रविवार

दुपारी पुन्हा हाक. तोइचू. कड्याकडून नव्हे, अलीकडच्या मोठ्या धोंड्यामागून. उठून बघितलं. कुणी नाही.

आज एक गोष्ट ध्यानात आली. इथं आल्यापासून दोघांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. नुसतं मास्तर, मास्तर. जेवताना कुबातच्या तोंडून इशे— एवढं निघालं आणि तोरोबेकनं त्याच्या दंडावर असा फटका मारला की पळी खाली पडली. मी विचारलं, काय झालं? डास होता, म्हणे. परवा तळ्याकाठी जे डास होते, ते इथं एकही नाहीत. पक्षीसुद्धा नाहीत.

१४ जुलै, सोमवार

मांबेत. गवतातून. धोंड्याच्या अलीकडून, वीसेक पावलांवरून.

आता मला कळलं ही हाक कशासारखी आहे ते. हजेरीसारखी. वहीवर बोट ठेवून, वर न बघता, एकेक नाव. मी स्वतः हजारो वेळा घेतली आहे. नाव पुकारायचं, क्षणभर थांबायचं, ओ आली नाही की पुढचं नाव. जी माणसं दीडशे वर्षांपूर्वी मेली ती ओ कुठून देणार? पण नावं दिवसाला एक अशी माझ्याकडे उतरत येतायत. बोझोय, तोइचू, मांबेत. मला मोजता येतं.

मी म्हटलं, पुरे झालं, उद्या उतरू. तोरोबेक म्हणाला, उतरू की. थोड्या वेळानं बघतो तर कुबात घोडा घेऊन खिंडीकडे चाललाय. पीठ संपलं, म्हणे. पिठाचं पोतं मी स्वतः चढवलं होतं. अर्धं भरलेलं आहे.

१५ जुलै, मंगळवार

चोरो. तंबूच्या दोरीपाशी.

हाक थांबल्यावर धीर करून कड्याच्या पायथ्याशी गेलो. तिथं दगडावर लाल रंगानं नावं लिहिली आहेत. तोरोबेकच्या घराण्यातले बाप, वरपासून खाली. शेवटचा बाप तोरोबेक स्वतः. त्याखाली बेगाइम, आणि तिच्या नावावर काट. काटेखाली माझं नाव.

अक्षर तोरोबेकचं. त्याचा गृहपाठ मी लिहून द्यायचो, तेव्हा बाई ओळखू नयेत म्हणून मी त्याच्यासारखं वाकडं लिहायला शिकलो होतो. ते अक्षर मी चुकणार नाही.

ओढ्याच्या काठी जाऊन त्याला बोलावलं. तो पलीकडच्या काठावर आला, पाण्यात पाय घातला नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात बेगाइम शाळेतल्या मैत्रिणींबरोबर इथं तंबू ठोकून राहिली. कड्याचा पडसाद बघायचा म्हणून तिनं सात बाप म्हटले. मी शिकवले तसे, खणखणीत. तेव्हापासून रोज दुपारी ती जिथं असेल तिथं तिला हाक येते. सातही बाप होऊन गेले, आता तिचंच नाव येतं. ती कान झाकते, ओ देत नाही, आणि झिजत चालली आहे. कुणीतरी ओ दिल्याशिवाय हे सुटत नाही. कुणा म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं, की बदली चालते. मात्र बदलीच्या माणसानं आपल्या पायानं यावं, जागा स्वतः निवडावी, बाप स्वतः सांगावेत. आणि त्याच्यामागे घराणं पुढं नेणारं कुणी नसावं.

म्हणाला, तिला दोन पोरं आहेत रे. तुला कोण आहे?

मग म्हणाला, तुझं नाव तिनंच सुचवलं. म्हणाली, सर नाही म्हणणार नाहीत.

मी पाठ फिरवली आणि तंबूत येऊन वही उघडली. विचारलं असतंस तोरोबेक, तर मी आलो असतो. माझ्या दारात येऊन एवढंच म्हणायचं होतंस, इशेन, पोरीसाठी येतोस का? मी टोपी घालून निघालो असतो. वाटेत कविता म्हटली असती. मागितलं असतं तर दिलं असतं.

चोरून नेताय. मग ओ मिळणार नाही. तुला नाही, तिला नाही, या कड्यालाही नाही.

१६ जुलै, बुधवार

सकाळी वही आणि पाव घेऊन निघालो. ओढा ओलांडला. यांचे तंबू आता आणखी वर गेलेत, खिंडीच्या तोंडाशी. दोघांनी मला बघितलं, पण अडवलं नाही. अडवायची गरज नव्हती. धुकं उतरलं, मी चढत राहिलो, चढत राहिलो, आणि धुकं विरलं तेव्हा समोर माझाच तंबू. मेख माझीच. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा पाय ओले झालेसुद्धा नाहीत, आणि ओढा तर मी ओलांडला होता.

एसेनगुल. तंबूच्या कापडावर, बाहेरून. नखानं टिचकी मारावी तशी.

कुबात वरून काहीतरी ओरडला. मला वाटलं शिवी दिली. नंतर लक्षात आलं, तो रडत होता. चांगलं आहे. रड.

१७ जुलै, गुरुवार

जानुझाक. तंबूत. माझ्या उशाशी.

आवाज वाईट नाही, हीच सर्वांत वाईट गोष्ट आहे. मायाळू आहे—

आज एक दुष्ट विचार आला आणि मी तसं करायलाही गेलो. तोरोबेकचं घराणं मला पाठ आहे, बेगाइमकडून मीच घोकून घेतलं. कड्यापुढे उभा राहिलो आणि म्हणू लागलो. वरपासून. तिचंच नाव परत तिच्या गळ्यात घालायला. पहिला बाप, दुसरा, तिसरा. वर खिंडीत तोरोबेक गुडघ्यांवर पडला, टोपी काढून हात हलवू लागला. चौथा. पाचवा. सहावा. सगळे कड्यानं घेतले, हावरटासारखे.

सातवा बाप म्हणजे तोरोबेक.

ते नाव तोंडातून निघेना. सहा दशकं ज्या नावानं हाक मारली— बाकावर, कब्रस्तानात, हिला पुरताना त्यानं धरलेला हात—

नाही जमलं. माणूस म्हातारा झाला की दुष्टपणाही नीट करता येत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

बोलुश.

माझ्या आईच्या आवाजात. बाप युद्धावर गेला तेव्हा मी दोन वर्षांचा. आईनं त्याला जेवायला हाक मारलेली मला आठवत नाही, आठवणं शक्य नाही. पण ही तीच. दारातून, पिठाचे हात झग्याला पुसत—

पाव संपला. पाणी आणायला गेलो नाही.

उरलं एकच नाव.

१९ जुलै, शनिवार

ऊन डोक्यावर यायचं आहे. कुबात घोड्यावरून कुणाला तरी घेऊन आला आहे. शालीत गुंडाळलेलं, काडीसारखं. दोघांनी धरून तिला ओढ्याच्या पलीकडे उभं केलं आहे. बेगाइम.

म्हणजे हे असं. मी कड्याला ओ देणार नाही म्हणून तिच्या आवाजात हाक मारायला आणली. आणि ती आली. चांगली शिकली—

तोरोबेक तिला काहीतरी सांगतो आहे. तिचे खांदे हलवतो आहे.

सावली पायाखाली.

इशेनअली.

आली हाक. तिच्याच आवाजात. मी तोंड मिटून बसलो आहे. मांडीवर वही, हात हलतो आहे तेवढा बरा. मान वर करणार नाही. तिचं तोंड बघायचं नाही मला.

पुन्हा.

पुन्हा. रडवेला आवाज. लहानपणी कविता विसरली की असाच व्हायचा—

नाही. विचारत नाही कुणी, नुसती नावं. एकदा तरी विचारा रे. मी दगड नाही—

विचारलं.

विचारलं तिनं! सर, माझ्यासाठी याल का? अगदी असं. हळू, लाजत. अगं वेडे, एवढंच तर हवं होतं. एवढ्यासाठी आठ दिवस—

दिली ओ. खणखणीत दिली, पटांगणात देतात तशी. हो, येतो, बाळ—

मान वर केली. ती तिकडेच आहे, ओढ्याच्या पलीकडे. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलंय तिनं. बापाच्या हातून सुटायला धडपडते आहे, माझ्याकडे बघून मान हलवते आहे, नाही, नाही— तिनं हाक मारलीच नाही. तिनं एकदाही— तोरोबेक, तू तिच्या नावानंही खोटं—

मग विचारलं ते इथं, माझ्या खांद्याशी